साखरबीट : व्याख्यान एक ते सहा

मला रशियन येतं, ही अफवा आमच्या साखर कारखान्यात मीच पसरवली होती. सांगलीला असताना एका निवृत्त प्राध्यापकांकडे मी तीन महिने त्या भाषेच्या शिकवणीला गेलो. तेवढ्यात अक्षरं ओळखायला आली, 'नमस्कार', 'आभारी आहे' आणि 'हे टेबल आहे' इतकं बोलता यायला लागलं, आणि प्राध्यापक मुलाकडे पुण्याला निघून गेले. पण नोकरीच्या अर्जात मी 'रशियन भाषा अवगत' असं बिनदिक्कत ठोकून दिलं. वाळवा तालुक्यात माझी परीक्षा घ्यायला कोण येणार होतं? लॅबमध्ये बसून उसाच्या रसातली साखर मोजायची हे माझं काम. त्या एका ओळीवर मी सहा वर्षं आरामात मिरवलो.

मग १९७४ च्या ऑक्टोबरात मानसिंग आला.

मानसिंग आष्ट्याजवळच्या गावचा, हवाई दलात मेकॅनिक. विमानांच्या इंजिनांचं काम शिकायला सरकारनं त्याला नऊ महिने रशियाकडे, रीगा नावाच्या शहरात धाडलं होतं. तिथून परतून तो रजेवर गावी आला होता. अंगानं दांडगा, बोलायला मात्र अगदी कंजूष. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली ग्रामोफोनची मोठी तबकडी.

"साहेब, दादासो म्हनला, तुमास्नी रशियन येतंय. तुमी सांगिटल्याबिगर त्यो लावत न्हाई."

दादासो म्हणजे आष्ट्याचा लाउडस्पीकरवाला. आसपासचं एकही लग्न त्याच्या कर्ण्याशिवाय लागत नसे. आत काय आहे ते कळल्याशिवाय कुणाची रेकॉर्ड मशीनवर ठेवायची नाही, असा त्याचा कडक नियम होता, आणि त्याला कारणही तसंच होतं. वडूजकडच्या एका वऱ्हाडानं आणलेली रेकॉर्ड त्यानं विश्वासानं लावली, आणि ऐन अक्षता पडायच्या वेळी कर्ण्यातून मयताच्या वेळी म्हणतात ते भजन सुरू झालं. नवरीची आजी पायातलं काढून त्याच्या मागे मांडवभर धावली होती. तेव्हापासून दादासो अनोळखी तबकडीला हात लावायचा नाही.

मी रुबाबात चष्मा पुसला. तबकडीच्या मधल्या निळ्या कागदावर रशियन अक्षरं होती. एकेक जोडत गेलो. "सा-खा-र... साखार!" आमचाच शब्द! पुढचा शब्द कोशात शोधला. फिरत्या पुस्तकगाडीवरून घेतलेला तो कोश सहा वर्षांत मी पहिल्यांदाच उघडला होता. निघालं ते असं : 'साखरबीट. लागवड आणि निगा. व्याख्यान एक ते सहा.'

"साहेब, जरा ऐकून तरी घ्या," मानसिंग म्हणाला.

"थांब रे!" असं म्हणून मी तबकडी उचलली आणि तडक चेअरमनच्या खोलीत गेलो.

त्या वर्षी बिटानं आमच्याकडे सगळ्यांची झोप उडवली होती. मुळ्यासारखं जमिनीखाली वाढतं, सहा महिन्यांत काढायला येतं, उसापेक्षा कमी पाण्यावर भागतं, आणि त्यातून साखर निघते, अशी बातमी कुणीतरी पुण्याहून आणली होती. ऊस वर्ष-दीड वर्ष शेतात राखणाऱ्या आमच्या बागायतदारांना घरात सवत यायची तशी धास्ती बसली होती. त्यामुळे बिटावर खुद्द रशियातलं व्याख्यान, आणि तेही आपल्या खोलीत, म्हटल्यावर आमचे चेअरमन आप्पासो खुर्चीतून उठलेच.

"लिमये, ही मोळीच्या दिवशी लावायची. समद्या सभासदांस्नी ऐकवू. अन् तुमी स्टेजवर हुबं ऱ्हाऊन मराठीत सांगायचं."

मोळी म्हणजे आमच्या गळीत हंगामाची सुरुवात. उसाच्या पहिल्या मोळीची पूजा करून ती गव्हाणीत टाकायची, की यंत्रं चालू होतात आणि चार-पाच महिने थांबत नाहीत. त्या दिवशी दीड-दोन हजार माणूस गोळा होतं. एवढ्या लोकांपुढे रशियनचं मराठी करायचं होतं. तरी मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून तरबेज आहे.

बाहेर सायकलींच्या छपराखाली मानसिंग उभा होता. त्याला मी मोळीचा बेत सांगितला.

"घात केला साहेब तुमी. ह्यात व्याख्यान न्हाई. गानी हायती."

"मग वर बीट कशाला लिहिलंय?"

"कुनी ऐकू नये म्हनून."

मग त्यानं सांगितलं. मला वाटतं, इतकं सलग तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलत असावा. रीगामध्ये त्याची ग्रीशा नावाच्या रशियन माणसाशी दोस्ती झाली होती. ग्रीशा स्वतः गाणी रचायचा आणि म्हणायचा. त्यांच्या खेड्यांतल्या जुन्या चाली घ्यायचा, पण त्याला जोड विजेच्या गिटारची आणि दणदणीत ठोक्याची. गाण्यात कुणाला शिव्या नव्हत्या. दुकानापुढे रांगेत उभी राहिलेली बाई, लढाईवरून परत न आलेला भाऊ, दारू सुटलेला आणि त्यामुळे एकटा पडलेला बाप, असली माणसं. पण तिथं गाणं सरकारी कमिटीनं पास करावं लागतं, आणि ग्रीशाची गाणी कमिटीनं कधी पास केली नाहीत. म्हणून तो स्वयंपाकघरांत गायचा. सात-आठ माणसं, खिडक्या बंद, आणि शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवलेला. त्याच्या एका मित्रानं रेकॉर्डच्या कारखान्यात चोरून तीसेक तबकड्या काढल्या आणि वर बिटाच्या व्याख्यानांचे कागद चिकटवले. बीट म्हटल्यावर कोण लावून बघणार?

"मी निगायच्या टायमाला त्यानं ही दिली. म्हनला, तुज्याकडं मोकळं रान हाय. तितं एकदा लाव. पार मोट्यानं, दोनी बाजू. माजी वळख न्हाई असल्या मानसांत. मी हातावर हात मारलाय साहेब."

"मग गावात लाव की."

ते जमणारं नव्हतं. दादासोचं मशीन शिराळ्याकडे एका सप्ताहात अडकलं होतं, ते परत यायचं थेट आमच्या मोळीला. आणि मोळीच्या दुसऱ्याच दिवशी मानसिंगची रजा संपत होती. तिथून पुढे तो आसामात. लावायची तर मोळीच्या दिवशीच, नाहीतर शब्द गेला.

मी गप्प राहायचं ठरवलं. मानसिंगच्या शब्दासाठी ठरवलं, असं सांगायला मला आवडेल. पण आप्पासोंपुढे जाऊन 'माझी चूक झाली' म्हणणं माझ्या जिवावर आलं होतं, हे कारणही त्यात निम्मं होतं. शिवाय मी काही चुकीचं वाचलं नव्हतं! तीन महिन्यांच्या शिकवणीत कागद खोटं बोलतो हा धडा झाला नव्हता, त्याला मी काय करणार?

मोळीच्या दिवशी पावणेअकराचा मुहूर्त होता. व्याख्यानाला साडेनऊची वेळ दिलेली. मंडप नऊलाच भरला. पुढच्या रांगेत नाथाजी आबा बसले होते. पंचवीस एकर बागायतीचे मालक, वय ऐंशीच्या घरात, आणि प्रश्न विचारल्याशिवाय एकही सभा न सोडणारे. दादासोनं चार कर्णे बांधले होते : दोन मंडपावर, एक वजनकाट्याकडे, एक बॉयलर हाउसकडे. त्यानं तबकडी फडक्यानं पुसली, मशीनचा खटका तेहतीसवर आणला आणि सुई टेकवली.

आधी गिटार वाजली. मग एक जाड, घसा बसल्यासारखा आवाज सावकाश गाऊ लागला. मी डोळे मिटून घेतले. आता ओरडतील, आता उठतील.

कुणी उठलं नाही. थोड्या वेळानं डोळे उघडून बघतो तर पुढच्या रांगांतले फेटेवाले हात जोडून बसले होते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे कुठल्याही सभेला आधी ईशस्तवन असतंच. रशियातही असणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

दुसरं गाणं उडतं होतं. धाड धाड ठोका, त्यावर गिटार. लोकांनी टाळ्यांचा ताल धरला. ईशस्तवनानंतर स्वागतगीत हा क्रम कुणाला सांगावा लागत नाही. आपलंच स्वागत चाललंय असं समजून आप्पासोंनी बसल्या जागी दोनदा नमस्कारही केला.

तिसरं गाणं लागलं. हे फार उदास होतं. आप्पासो माझ्याकडे वाकून म्हणाले, "किती सवागत करत्यात ही मान्सं? व्याख्यान कवा?"

उत्तर नाथाजी आबांनी दिलं. मांडीवर थाप मारून ते मागे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आरं, कलापथक हाय ह्यांचं! आपल्याकडं न्हाई का कुटुंबनियोजनाचं गानं म्हनत येत्यात, हायब्रीडचं म्हनत येत्यात? तसं ह्ये बिटाचं."

मंडपभर माना हलल्या. हो की! सरकारी शेतीखातं गाण्यातून शिकवतं, यात आमच्या लोकांना काहीच नवल नव्हतं. उलट रशियाचं कलापथक आपल्यापेक्षा बरं गातं, असं मत पडलं. पहिली बाजू संपली तेव्हा चक्क टाळ्या झाल्या.

"हां लिमये," आप्पासो म्हणाले. "सांगा आता."

मी माइकपुढे गेलो. तोंड नेहमीसारखं चालू झालं. "सभासद बंधूंनो, बिटाची लागवड साधारण थंडीच्या सुरुवातीला करावी, असं पहिल्या गाण्यात सांगितलं आहे."

"सरी कितीची?" नाथाजी आबा.

"अडीच फुटी."

"पानी?"

"दहा दिवसांनी."

"बरं, आन् त्ये तिसरं? लय रडत हुता त्यो गडी. त्यात काय?"

"त्यात..." मी म्हणालो. "कीड पडली तर काय नुकसान होतं, ते सांगितलंय."

मंडपातून 'अरेरे' असा आवाज आला. एका बाईनं तर पदर डोळ्यांना लावला. मला हसू येणार होतं, तेवढ्यात माझी नजर मंडपाच्या कडेला उभ्या असलेल्या मानसिंगवर गेली. तो रागावला नव्हता. मान खाली घालून पायानं माती सारखी करत होता. ते परत न आलेल्या भावाचं गाणं असणार, आणि मी ते किडीवर घालवलं होतं. मला माझी लाज वाटली. अशी लाज मला त्याआधी वाटलेली आठवत नाही, आणि लाज वाटण्यासारखं मी आधीही बरंच केलं होतं.

"मंडळी," मी म्हणालो, "मला रशियन येत नाही. हे मी सगळं मनचं सांगितलं. हे बिटाचं व्याख्यानही नाही. मानसिंग, इकडे ये. खरं काय ते तू सांग."

तो आला. माइकपुढे सावधान उभा राहिला आणि दोन मिनिटांत सगळं सांगून मोकळा झाला : ग्रीशा, बंद खिडक्या, सोडलेला नळ, हातावर मारलेला हात. शेवटी म्हणाला, "एक बाजू झाली. एक ऱ्हायली. तेवडी ऐका, यवडंच मागनं हाय."

मंडपात कुजबुज सुरू झाली. कुणी हसलं, कुणी 'लाव, लाव' म्हणालं, कुणी माझ्या नावानं काहीतरी म्हणालं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. आप्पासो लालबुंद झाले होते. मघाशी दोनदा नमस्कार केलेले त्यांना आठवत असणार.

"हितं मोळी हाय का तमाशा? काड रं दादासो ती तबकडी! उरका, पूजेला घ्या."

दादासोनं तबकडीला हात घातला. एवढ्यात मंडपाच्या मागच्या बाजूनं केरबा आला. केरबा बॉयलरवरचा मुख्य फायरमन. वीस वर्षं भट्टीपुढे उभा राहून त्याच्या कातडीचा रंग गुळासारखा झाला होता. कामाच्या वेळी तो बॉयलर सोडून कधी बाहेर दिसायचा नाही. डोक्याचं फडकं काढून तो सरळ मानसिंगपुढे उभा राहिला.

"त्यो गडी फायरमन हाय का रं?"

मानसिंग त्याच्याकडे बघतच राहिला. "तुमाला कुनी सांगिटलं?"

"सांगाय कशाला पायजे? कर्ना हाय की आमच्या डोक्यावर. दुसऱ्या गान्यात त्यो ठोका न्हाई का, त्यो ढोलबिल न्हाई. भट्टीचं दार हाय त्ये. आन् मधी मधी फावडं वडल्याचा आवाज येतोय. कोळसा टाकतंय कोनतरी."

"व्हय," मानसिंग म्हणाला. "बॉयलरवरच हाय कामाला. तिथंच भरल्यात ही गानी. बॉयलरच्या आवाजात भायेर काय कळत न्हाई म्हनून."

हे त्यानं मला सांगितलं नव्हतं, आणि ग्रीशा पोटासाठी काय करतो हे मीही विचारलं नव्हतं. तीन गाणी मी बॉयलरपासून शंभर पावलांवर बसून ऐकली आणि मला तो ढोल वाटला.

केरबा आप्पासोंकडे वळला. "चेरमन, स्टीम कमी हाय. गव्हान चालायची न्हाई आजून."

"कमी? आन् मुहूर्त?"

"मुहूर्ताला व्हतंय. पर तवर पंचवीस मिंटं तरी लागत्यात."

तो हे सांगत असताना बॉयलर हाउसच्या छपरावर सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसत होता. आत वाफ मावेनाशी झाली की तो उघडतो, हे कारखान्याच्या शिपायालाही ठाऊक असतं. पांढरा लोट चिमणीच्या निम्म्यापर्यंत चढला होता. मी वर बघितलं. दादासोनं बघितलं. बारा वर्षं कारखाना चालवलेल्या आप्पासोंनीही त्या लोटाकडे बघितलं, मग केरबाकडे, मग मंडपाकडे.

"पंचवीस?"

"पंचवीस."

"मंग तवर मान्सांनी काय नुसतं बसायचं व्हय?" आप्पासो दादासोवर खेकसले. "लाव की रं ती! बगत काय बसलाईस?"

दादासोनं तबकडी उलटली. आणि कुणी सांगितलं नसताना आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

दुसऱ्या बाजूची तीन गाणी आम्ही अशी ऐकली, की तशी मी नंतर कुठलीच गाणी ऐकली नाहीत. अर्थ कुणी विचारला नाही. केरबा कर्ण्याखाली उभा राहून तेवढं सांगत होता, "दार उगाडलं... टाकतोय आता... राख वडली." लोक त्याच्या तोंडाकडे आणि कर्ण्याकडे आळीपाळीनं बघत होते. मधल्या गाण्याला पुन्हा टाळ्यांचा ताल आला. या वेळी तो कुणाच्या स्वागताचा नव्हता, मनापासूनचा होता. शेवटच्या गाण्यात गिटार नव्हतीच. एकटा आवाज आणि फावड्याची फर्र फर्र. उसाच्या गाड्यांचे बैल लांब उभे होते, त्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज त्यात मिसळत होता, आणि मला मनापासून वाटलं की हा माणूस इथंच कुठेतरी गातोय.

गाणं संपलं. सुई रिकामी फिरत राहिली. दादासोनंही ती लगेच उचलली नाही.

मानसिंग रडत होता आणि हसतही होता. एवढा दांडगा माणूस, तोंड पुसायला रुमाल सापडेना म्हणून टोपीनं पुसत होता. मीही काही वेगळं करत नव्हतो.

"ह्याची पाळी कंची?" केरबानं विचारलं.

"रातपाळी. सकाळी आठाला सुटतोय."

"आन् आत्ता तितं किती वाजलं आसतील?"

मानसिंगनं मनगटावरचं घड्याळ बघितलं. साडेदहा झाले होते. "आपल्यापरास अडीच तास मागं चालतंय तितलं घड्याळ. म्हंजी..." तो थांबला. "आठ."

"मंग सुटली की पाळी," केरबा म्हणाला, आणि फडकं डोक्याला गुंडाळत बॉयलर हाउसकडे चालू लागला. घाई नाही, काही नाही, रोज कामावर जायचा तसाच.

मिनिटभरानं भोंगा झाला.

आमच्या कारखान्याचा भोंगा आष्ट्यापर्यंत ऐकू जातो. आसपासच्या गावांतली माणसं त्यावर शेतातनं घरी येतात, बायका त्यावर भाकरी टाकतात. गेल्या हंगामानंतर तो आज पहिल्यांदाच वाजत होता, आणि केरबानं तो दाबून धरला होता. पाळी सुटल्यावर वाजवतात तसा, एक लांब, मग थोडं थांबून दुसरा. बैल बुजले. मंडपाच्या कनाती थरथरल्या. मानसिंग पुन्हा सावधान उभा राहिला.

आप्पासो कानांवर हात ठेवून ओरडले, "आता ह्यो कशाचा? पाळी कुनाची सुटली?"

नाथाजी आबा काठी टेकून सावकाश उठले.

"आपल्या ग्रीशाची," ते म्हणाले, आणि फेटा सारखा करून मोळीच्या पूजेला निघाले.